घरात दाणे आले

डॉक्टरीणबाईंनी अगदी स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. "तुमच्या मुलीची शेंगदाण्याची अॅलर्जी गेली आहे. सकाळपासून आम्ही तिला चिमटीचिमटीने वाढवत मूठभर दाणे खाऊ घातले. अंगावर साधा पुरळसुद्धा उठला नाही."

हे ऐकून नवऱ्याला इतका आनंद झाला, की त्याने दारातल्या शिपायालाच मिठी मारली. तो बिचारा बावचळून गेला. आईचं मन मात्र काही जागेवर येईना. पायऱ्या उतरताना ती सारखी मुलीच्या ओठांकडे बघत होती.

"एक लक्षात ठेवा," निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "आता घरीही आठवड्यातून दोन-तीनदा दाणे पोटात जायला हवेत. खाणं सोडलं, तर दुखणं उलटू शकतं. अॅलर्जी उसळलीच तर टोचायचं इंजेक्शनचं पेन आहेच तुमच्याकडे, ते काही दिवस जवळ राहू द्या."

म्हणजे आता घरात दाणे आणायचे! आपल्या हाताने, पिशवीत घालून!

ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. बारीक बघणं हे तिचं कामच होतं. पण मुलगी दोन वर्षांची असताना तो प्रसंग घडला आणि ही बारीक नजर तिच्या मानगुटीवरच बसली. दाण्याचा एवढासा कण. पोरीचे ओठ टम्म सुजले, छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. शेजारच्या दूधवाल्याच्या गाडीतून, रिकाम्या कॅनच्या खडखडाटात त्यांनी दवाखाना गाठला होता. तेव्हापासून घरात येणाऱ्या प्रत्येक पाकिटावरची मुंगीएवढी अक्षरं ती वाचत आली होती. नवरा म्हणायचा, "बिस्किटाचा पुडा असा वाचतेस, जसा काही कोर्टाचा निकालच हातात आलाय."

मुलीला सगळे भिंगरी म्हणत. एका जागी बसणं तिला ठाऊकच नव्हतं. आणि या भिंगरीच्या आजोबांची, म्हणजे आबांची, होती दाणे भाजायची भट्टी.

सगळं घर त्या भट्टीवर उभं राहिलेलं. नवऱ्याचं शिक्षण, लग्न, ही जागा, सगळं दाण्यांतून आलेलं. आबांच्या कॉलरीत, केसांत, नखांत कायम दाण्यांची भुकटी असायची. मुलीचं दुखणं कळलं त्याच आठवड्यात आबांनी आपली वळकटी बांधली आणि ते भट्टीच्या वरच्या खोलीत राहायला गेले.

"अगं, माझ्या अंगातूनच दाणे गळतात," ते म्हणाले होते. "मी काय झटकू आणि किती झटकू?"

जा असं ती त्यांना म्हणाली नव्हती. पण राहा असंही म्हणाली नव्हती. हे तिच्या मनाला लागून राहिलं होतं.

आबा यायचे. आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून यायचे, पण खाली अंगणातच उभे राहायचे. भिंगरी वर गॅलरीत. "आज शाळेत काय केलंस गं?" असं मान वर करून विचारायचे. ती कठड्यावरून ओणवी होऊन ओरडून सांगायची. सगळ्या इमारतीला भिंगरीचे मार्क पाठ असायचे, ते याचमुळे.

आता ही अडचण संपली, असं वाटलं तर भिंगरीनेच पाय रोवले.

"मी नाही खाणार. मला वास येतो त्याचा."

"अगं, दवाखान्यात तर खाल्लेस!" आई म्हणाली.

"तिथे डॉक्टर होत्या. इथे कोण आहे?"

नवऱ्याने दाण्यांचं एक पाकीट आणून पाहिलं, तर भिंगरी बाथरूममध्ये जाऊन कडी लावून बसली. मग आईने स्वतः दाण्याचं कूट दुधात मिसळून पाहिलं. भिंगरीने एक घोट घेतला, आईकडे असं बघितलं की तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि अख्खा पेला मोरीत ओतून दिला. आठ वर्षं आपणच हिला शिकवलं, की हे विष आहे. आता कुठल्या तोंडाने सांगायचं, की खा बाई, गुणाचं आहे?

रविवारी सकाळी आई उठली आणि कुणाला न सांगता भट्टीवर गेली.

इतक्या वर्षांत तिने तिथे पाऊल टाकलं नव्हतं. लोखंडी पिंप कुरकुरत फिरत होतं, आत वाळू आणि दाणे सळसळत होते. जमिनीवर लाल सालांचा थर. आबा फावडं घेऊन पाठमोरे उभे होते. वळून त्यांनी तिला पाहिलं आणि चटका बसावा तसे दोन पावलं मागे सरकले.

"अगं, लांब राहा! तुझ्या कपड्यांना लागेल, आणि मग घरी—" बोलता बोलता ते थांबले. अॅलर्जी गेल्याचं मुलाने कळवलं होतं, ते त्यांना आठवलं. "सवय झालीय," ते ओशाळून हसले.

"आबा, ती खात नाहीये. तुम्ही चला."

"मी? घरात?"

"हो. आणि आंघोळ-बिंघोळ काही करू नका. असेच चला."

आबांनी फावडं भिंतीला टेकवलं. ते पुन्हा नीट टेकवलं. मग पाठ करून उगाचच पिंपाची आच कमी करत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी कच्च्या दाण्यांची एक पिशवी उचलली आणि म्हणाले, "चल."

दार भिंगरीने उघडलं. ती आबांकडे बघतच राहिली.

"आबा, तुम्ही इतके उंच आहात?"

"का गं?"

"वरून तुम्ही एवढेसे दिसता."

आबांनी चपला काढल्या, पण पुढे येईनात. भिंगरीनेच त्यांचा शर्ट धरून त्यांना आत ओढलं. त्यांच्या बाहीवरची भुकटी तिच्या बोटांना लागली. आईचा हात रुमालाकडे गेला, पण तिने तो मागे घेतला.

"काय करणार आहात?" भिंगरीने संशयाने विचारलं.

"सूप. तुझ्या आजीला शेवटी शेवटी चावता येत नव्हतं, तेव्हा मी करायचो. सायीसारखं होतं. तू खायचंच असं नाही. मला भूक लागलीय."

कढईत दाणे पडले. मंद आचेवर आबा ते हलवत राहिले. घाई करणाऱ्याने दाण्याच्या वाटेला जाऊ नये, साल करपलं की त्याचाच तो उग्र वास येतो, असं काहीबाही भिंगरीला सांगत राहिले. भिंगरी आधी दाराशी होती, मग फ्रिजपाशी आली, मग ओट्याला टेकून उभी. दाणे निवल्यावर त्यांनी ते फडक्यात बांधून चोळले आणि फडकं तिच्यापुढे धरलं. "फुंकर मार." तिने गाल फुगवून अशी काही फुंकर मारली, की लाल सालं आबांच्या मिशीत जाऊन बसली. भिंगरी खिदळली.

तिकडे आईने दुसऱ्या गॅसवर थोड्या लोण्यात कांदा, गाजर आणि टोमॅटो शिजवून घेतले. दाणे मिक्सरमधून काढले, तेल सुटून त्यांचा मऊ गोळा होईपर्यंत. "तो तसाच टाकू नकोस, गुठळ्या होतील," आबा म्हणाले. "आधी गरम पाण्यात सैल कर." मग सगळं एकत्र वाटून, गाळून पातेल्यात आलं. मंद उकळी फुटली. तळाशी लागू नये म्हणून ती पळी फिरवत राहिली. सूप दाटलं, तुकतुकीत झालं, रंग बदामी झाला. मीठ, मिरपूड पडली. घरभर वास पसरला आणि तिच्या लक्षात आलं, की लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा घराला हाच वास होता.

आबांनी आपली वाटी भरली आणि फुर्रर्र करून घोट घेतला. कुणाला आग्रह नाही, काही नाही. भिंगरी त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"मला एक चमचा," ती म्हणाली. "एकच."

आईने चमचा भरला. भिंगरीने तो तोंडात घातला, गिळला, आणि पुढच्याच क्षणी तिला जोराचा ठसका लागला. तोंड लालबुंद, डोळ्यांत पाणी, ती हाताने गळा दाखवायला लागली.

आबांची वाटी टेबलावर कलंडली. आई केव्हा धावली, पर्समधून पेन केव्हा काढलं, तिचं तिलाही कळलं नाही. तिने मुलीला धरलं, ओठ बघितले, छातीला कान लावला. शिट्टी नाही. ओठ होते तसेच.

"ति... खट!" भिंगरीला शेवटी शब्द फुटला. "किती तिखट आहे!"

"मिरपूड तर मी चिमूटभरच टाकली," आई म्हणाली.

"तू टाकलीस?" आबांनी आ वासला. "अगं, मीही टाकली. चांगली सढळ हाताने."

मग आई मटकन जमिनीवरच बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिला रडू फुटलं, रडता रडता पुन्हा हसू. आबा भिंतीला टेकून डोळे पुसत होते. नवरा भाजी घेऊन दारात आला, तर वडील स्वयंपाकघरात, बायको जमिनीवर आणि मुलगी पाणी पितेय, असा सगळा देखावा. "काय झालं?" तो घाबरून म्हणाला.

"काही नाही झालं," ती म्हणाली. हे वाक्य तिला इतकं गोड लागलं, की तिने ते पुन्हा म्हटलं. "अरे, काहीच नाही झालं!"

पातेल्यात थोडं दूध घालून आबांनी तिखटपणा मोडला. भिंगरीने आधी जीभ लावून बघितलं, मग वाटीच ओढून घेतली. दाण्याचा वास वाईट आहे, असं तिचं अजूनही म्हणणं होतं. पण सूपचा वास वेगळा आहे, हे तिने मान्य केलं. नवऱ्याने पातेल्याचा तळ पावाने पुसून घेतला.

बाकीच्यांचं जेवण झालं. भिंगरी अजून वाटीतलं सूप घोटघोट पीत होती आणि आबा तिला भट्टीत वाळू कशी तापते ते सांगत बसले. नवरा मध्येच त्यांच्या चुका काढत होता. आई खुर्चीत टेकून ऐकत होती. पेन टेबलावर होतं, हाताशी. भिंगरीच्या ओठांकडे अजून एकदा बघावं, असं तिच्या मनात आलं. पण तेवढ्यात तिचा डोळा लागला.

"आई झोपली," भिंगरी कुजबुजली. "मी खाते तेव्हा ती कधीच झोपत नाही."

"झोपू दे," आबा म्हणाले. "आम्ही आहोत ना बघायला. तू आपली वाटी संपव."