राखीव पान

छापखान्यात तिला पाठीमागे सगळे टाचणीबाई म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती. हे नाव तिच्या कामावरून पडलं की जिभेवरून, ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. जन्मभर तिने कॅलेंडरांना टाचलं होतं, आणि अधूनमधून माणसांनाही.

कॅलेंडर म्हणजे रोज एक पान फाडायचं, ते जाडजूड. वर वार, मधोमध ठसठशीत आकडा आणि खाली दिनविशेष, म्हणजे आज कोण जन्मलं आणि आज कोण गेलं. सुट्टीचं पान लाल, बाकी सगळी काळी. न्हाव्याच्या दुकानापासून दवाखान्यापर्यंत, भिंत तिथे या छापखान्याचं कॅलेंडर.

दिनविशेष जमवायचा नाद तिच्या नवऱ्याचा. थोर माणसाविना एकही दिवस उजाडता कामा नये, असा त्याचा हट्ट. राजे झाले, संत झाले, शास्त्रज्ञ झाले. कुणीच हाती लागेना तेव्हा त्याने शिवणयंत्रवाल्यालाही एका पानावर नेऊन बसवलं.

"उद्या बटण शोधणाऱ्याची जयंती कराल," ती म्हणायची.

"सापडू दे, करतो."

पण एक तारीख त्याला काही केल्या दाद देईना. पुस्तकं पालथी घातली, मास्तरांचे उंबरठे झिजवले, तरी त्या दिवशी ना कुणी थोर जन्मलेला, ना कुणी मेलेला. शेवटी कंटाळून त्याने तिथे फुलाचा ठोकळा छापला. आणि नेमका त्याच तारखेला त्यांचा मुलगा जन्माला आला; एकुलता एक, तरी नाव पडलं थोरला. शाईच्या हातांनी बाप धावत आला, पाळण्यात डोकावला आणि म्हणाला, "असं होय! साहेबांनी आधीच जागा अडवून ठेवली होती. हे पान राखीव, बरं का."

त्याची ती चेष्टा होती. टाचणीबाईने मात्र ती गाठीला बांधली.

थोरला वाढला तो वायरींच्या भेंडोळ्यांत. अभ्यासात दोनदा आपटला, मग शाळेचा नाद सोडून वायरमनच्या हाताखाली लागला. हात सोन्याचा, पण सोनं पडलं मातीत, असं आईला वाटायचं. कुणी विचारलं, थोरला काय करतो, तर ती मान ताठ करून सांगायची, "पान राखीव आहे त्याचं. घाई कसली?" ऐकणारीला काही कळायचं नाही. थोरल्याला कळायचं, आणि तो पायांतल्या चपलांकडे बघायचा.

त्याच्या वाढदिवसाची सकाळ ठरलेली. घर झोपलेलं असताना तो उठायचा. आई जागीच असायची, डोळे मिटून. आधी भिंतीशी टर्र असा आवाज यायचा, मग स्वयंपाकघरात काडी ओढल्याचा. थोड्या वेळाने तो तिच्या उशाशी चहाचा कप आणून ठेवायचा. "घे. वाढदिवस माझा, कष्ट तुझे." ती उठून बघायची तर भिंतीवर उद्याची तारीख. पोराने आपलं पान पाकिटात जपून ठेवलं, या समाधानात ती तो चहा फुर्र करून प्यायची. एक दिवस भरून दाखवील. आईचं मन, त्याला पुरावा कशाला लागतो?

तो गेला लाल पानावर. मोठ्या चौकात ज्यांचा पुतळा आहे, त्यांच्या जयंतीची सुट्टी. तो पुतळ्यावर दिव्यांच्या माळा सोडत होता. कुठूनसा विजेचा धक्का बसला आणि शिडीवरून खाली आला तो गेलेलाच. तेव्हापासून दर वर्षी त्या दिवशी चौकात बँड, भाषणं, पोरांच्या हातांत फुगे. आणि हिच्या घराच्या खिडक्या बंद. इतरांचे काळे दिवस काळे असतात. हिचा लाल शाईत छापून यायचा, आणि छापायचाही हिनेच.

पोरामागोमाग बापही गेला. छापखाना उरला दोन बायकांच्या हाती. थोरल्याची बायको कॉम्प्युटरवर पानं लावायची, टाचणीबाई जुळवणीच्या टेबलाशी. दोघी एका घरात राहायच्या, एका ताटलीतला शेवटचा घास एकमेकींकडे सरकवायच्या, पण थोरल्याचं नाव काढायच्या नाहीत. तेवढं एक फूल दर वर्षी गुपचूप छापलं जायचं.

त्या वर्षी सून प्रूफ घेऊन आली आणि समोरच्या स्टुलावर बसली.

"आई, एक विचारायचं होतं."

"विचारायचं असलं की तू उभी राहतेस, ठरवून आलीस की बसतेस. बसली आहेस. बोल."

सुनेने पान पुढे केलं. फुलाच्या जागी दोन ओळी होत्या. टाचणीबाईची शाळा तिसरीतच सुटलेली. तिने बोट ठेवत ठेवत वाचलं आणि मान वर केली.

"ही कोण?"

"डोळ्यांच्या डॉक्टर. खेडोपाडी फिरून हजारो लोकांना दृष्टी दिली त्यांनी. गेल्या वर्षी वारल्या, तेव्हा कुठे जन्मतारीख कळली. याच दिवशी जन्मल्या होत्या."

"किती जगली?"

"नव्वदीच्या पुढे."

"नव्वद!" म्हातारीने कागद टेबलावर टाकला. "त्यातली चार-आठ वर्षं माझ्या पोराच्या पदरात टाकली असती तर काय बिघडलं असतं तिचं? बसव तिला शेजारच्या तारखेवर."

"जन्म शेजारी ढकलता येतो का, आई?"

"मग राहू दे बिनपानाची. फूल आहे तिथेच राहील."

"या वर्षी फूल नको."

"का गं? एवढीशी जागा आहे त्याची जगात, ती खुपते तुझ्या डोळ्यांत? चार वर्षांपुरता नवरा तुझा. पोर माझं होतं, जन्माचं."

शब्द सुटला आणि बसायचा तिथे बसला.  सून अगदी हळू म्हणाली, "त्यांना ते पान आवडायचं नाही."

"काहीतरी बोलू नकोस. पाकिटात जपायचा तो. दर वर्षी फाडताना ऐकलंय मी."

"फाडायचे. मग त्याची सुरळी करायचे, काडीने पेटवायचे आणि त्या सुरळीने गॅस लावायचे. तुमच्या चहासाठी." सुनेने नखाने टेबलावरची वाळलेली खळ खरवडली. "म्हणायचे, कोऱ्या पानाचा तेवढाच उपयोग, आईला गरम चहा तरी मिळतो. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती मला."

म्हातारीने टाकलेला कागद पुन्हा स्वतःकडे ओढला. 

"एकदा मला म्हणाले, मी दिवे लावतो, लोकांच्या घरात उजेड पडतो, यापलीकडे माझ्याच्याने काही व्हायचं नाही. पण हे आईला सांगणार कोण? आई, ते फूल हजारो भिंतींवर जातं. ते कशासाठी आहे हे फक्त आपल्या दोघींना ठाऊक. दर वर्षी ते पान लावताना मला वाटतं, तुम्ही अजून त्यांची वाट बघताय. त्यांनी कुणीतरी व्हायची. आता तरी सोडा त्यांना. जे होते ते होते."

तेवढ्यात मशीनमनने दारातून डोकं घातलं. त्याला आत काय चाललंय याचा पत्ता नव्हता. "बाई, मशीन खोळंबलंय. काय टाकायचं त्या पानावर? फूल की माणूस?"

टाचणीबाईने प्रूफ उचललं. उलटं केलं, सुलटं केलं. एका कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, जसा तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवतात.

"माणूस," ती म्हणाली. तो वळतोय तोच तिने हाक मारली, "आणि शाई बेताने घे! गेल्या वर्षी आकडे होते की काजळाच्या डब्या?"

तो हसत गेला. मशीन सुरू झालं, खिडकीची काच थरथरायला लागली. त्या आवाजात काय ते रडून घ्यावं, असं सुनेला वाटलं असावं. तिने पाठ फिरवली.

"इकडे बघ," म्हातारी म्हणाली. "त्या तारखेला पान तू फाडायचंस. मी उठायच्या आत. तो फाडायचा तसं."

"आणि मग?"

"मग काय? मला चहा लागतो."

सुनेने प्रूफवर बोट ठेवलं. "त्यावर डॉक्टरबाईंचं नाव असेल, आई."

"नव्वद वर्षं जगली ती. एका पानाने काय कमी व्हायचंय तिचं?"

नवं वर्ष लागलं. पानं गळत गेली आणि ती तारीख आली. टाचणीबाई पहाटेपासून जागी होती, डोळे मिटून. दार करकरलं. अनवाणी पावलं भिंतीशी गेली. टर्र. मग स्वयंपाकघरात काडी ओढल्याचा आवाज आला.

हे दोन्ही आवाज तो असेपर्यंत तिने दर वर्षी ऐकले होते. एकापाठोपाठ एक, इतके जवळ की मध्ये जेमतेम एक श्वास मावावा. तरी ते तिने कधी जोडून पाहिले नव्हते. जळक्या कागदाचा वास आला, तोही ओळखीचा निघाला. पूर्वी तिला तो काडीचाच वाटायचा.

तिने उशीत तोंड खुपसलं. पोर इतकी वर्षं, दर वाढदिवसाला, बोलत होतं तिच्याशी, आणि ती चहा पीत होती.

उशाशी कप टेकल्याचा आवाज झाला.

"घ्या," सून म्हणाली.

तिने उठून कप दोन्ही हातांत धरला. दर वर्षी असायचा तेवढाच गरम होता.