नाक्यावरची मुकी

धुरपदामावशीनं रझाकारांना तोंडावर कसं झापलं, याच्या गोष्टी जळकोटात अजून सांगतात. त्या दिवशी मी तिच्या गाडीत होते. ती एक शब्दसुद्धा बोलली नव्हती.

नवरा वारला तेव्हा भावकीनं तिच्याकडं गाडी-बैल मागितले. तिनं दिले नाहीत. स्वतः कासरा धरला आणि जळकोट ते सोलापूर भाडं मारायला लागली. बाईनं गाडी हाकणं बरं नव्हे, असं एक गिऱ्हाईक म्हणालं, तर तिनं गाडी थांबवली. "खरं हाय तुमचं. उतरा मग. चालणं तरी बाप्याचं काम असंल." जहागीरदाराचा माणूस वेठीला गाडी मागायला आला, तेव्हा म्हणाली, "न्या की. पण बैल माझ्याबिगर चालत न्हाईत, अन् म्या भाड्याबिगर चालत न्हाय."

सोलापूरच्या सरहद्दीवर निजामाचा करोडगिरीचा नाका होता. मालावर जकात घ्यायचा. तिथला शिपाई बशीर दहा वर्षं तिच्या गाडीतली गाठोडी सोडून बघत आला होता. काय हरवलंय बशीरमियाँ, अक्कल का, असं ती दर खेपेला विचारायची. तो हसायचा आणि पुढच्या खेपेला पुन्हा गाठोडी सोडायचा.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात आमचे मालक, शांतलिंग, निजामाविरुद्ध लढायला सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात गेले. चार दिवसांनी रझाकार घरी आले. मामंजींना अंगणात बसवून काठ्यांनी मारलं, आणि पुढच्या खेपेला सून आणि नातू घेऊन जाऊ, असं सांगून गेले. बाळ पाच महिन्यांचं होतं. त्या दिवसापासून माझं दूध आटलं.

मामंजींनी मावशीला विचारलं, आमच्या सुनेला, महादेवीला, तिच्या माहेरी, सरहद्दीपलीकडं, सोडाल का? मावशी हो म्हणाली. मला तिनं एवढंच बजावलं की पदर तोंडावर ओढून ठेव आणि नाक्यावर तोंड उघडू नकोस, बोलायचं काम माझं.

नळदुर्गात मुक्काम करून दुसऱ्या दिवशी आम्ही पुढं निघालो. वाटेत एका वस्तीवर कडब्याची गंज जळत होती आणि विझवायला कुणी नव्हतं. मावशी सकाळपासून बोलत होती, ती तिथं गप्प झाली.

नाक्यावर बशीर बाजेवर बसला होता, पण नाका आता त्याचा राहिला नव्हता. रझाकारांचे तीन बंदूकवाले पोरगे रस्त्यात उभे होते. एकानं बैलाची वेसण धरली आणि बंदुकीची नळी बैलाच्या कपाळावर टेकवली. आम्ही कुठल्या, असं त्यानं विचारलं. जळकोटची माणसं अडवायची, असा हुकूम असल्याचं आमच्या कानावर आलं होतं.

मी मावशीच्या उत्तराची वाट बघत राहिले. तिचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. हातातला चाबूक खाली पडला. बैलाची कातडी थरथरत होती. पोरग्यानं पुन्हा विचारलं, या खेपेला ओरडून. बाळ रडायला लागलं.

तोवर मी परक्या पुरुषासमोर कधी बोलले नव्हते.

"माझी सासू हाय," मी म्हणाले. "मुकी हाय ती. आमी नळदुर्गच्या. लेकराला वैदाकडं नेतोय."

पोरग्यानं बशीरकडं बघितलं. "पहचानते हो इनको?"

अख्ख्या तालुक्यात जिच्या जिभेचा धाक, तिला मी मुकी म्हटलं होतं, आणि तेही बशीरच्या समोर. तो बाजेवरून उठला. बाळाकडं बघितलं, मग मावशीकडं बराच वेळ बघितलं.

"गूंगी है," तो म्हणाला. "दस साल से देख रहा हूँ."

गाडी सुटली. नाका दिसेनासा झाल्यावर मावशी खाली उतरली आणि बाभळीखाली बसून ओकली. मग मला म्हणाली, "आवाज खरंच गेला हुता गं. कुणाला सांगू नगंस." मी इतकी वर्षं सांगितलं नाही.

परत जायची वाट त्याच नाक्यावरून होती. तरी मावशी त्याच वाटेनं परत गेली. त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात तिनं आणखी अकरा बायका पलीकडं पोचवल्या. दर खेपेला नाक्यावर मुकी. पुढं मी विचारलं, तर म्हणाली की मला सोंग करावंच लागलं नाही, रस्त्यावर आडवा टाकलेला तो बांबूचा आडणा दिसला की घसा आपोआप बंद व्हायचा.

भाद्रपदात फौजा आल्या. रझाकार पळाले. मग आमच्याच बाजूची माणसं कुऱ्हाडी घेऊन मुसलमानांच्या घरांवर जायला लागली. हे कळलं त्याच दिवशी मावशीनं गाडी जुंपली आणि बशीरच्या गावी गेली. घराचं दार उघडं होतं. परातीत पीठ अर्धं मळलेलं होतं, चूल गार होती. बशीर नव्हता, त्याची बायको जमिलाबी नव्हती, लेकरं नव्हती. शेजाऱ्यांना विचारलं, तर कुणी मान वर करेना. तिथं मात्र तिचा आवाज गेला नाही. गल्लीत दारोदार जाऊन तिनं बशीर, जमिलाबी अशी नावं घेऊन विचारलं. एकानं कुऱ्हाड दाखवून जायला सांगितलं, तरी ती हलली नाही. शेवटी तिथल्या एका म्हातारीनं तिला हाताला धरून गाडीत बसवलं.

पुढं वीस-बावीस वर्षं ती सोलापूरच्या बाजारात भेटेल त्या मुसलमान माणसाला नाक्यावरचा बशीर माहीत आहे का, असं विचारायची. कुणाला माहीत नव्हता. बशीरचं काय झालं, ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही.