एक खाडा

आमच्या शाळेत बक्षीस समारंभाला गुणांपेक्षा हजेरीला टाळ्या जास्त पडतात. पहिला नंबर एकाचाच येतो, त्याचं बाकीच्यांना काय कौतुक? पण सहावी ते दहावी एकही खाडा नाही, हे सगळ्यांनी रोज डोळ्यांनी पाहिलेलं असतं. म्हणून त्या बक्षिसाला अख्खं सभागृह उभं राहतं, आणि पदक पाहुणा नाही, घरचं माणूस गळ्यात घालतं. स्टेजच्या खाली एका टेबलावर पाचही वर्षांचे हजेरीपट मांडलेले असतात. ज्याला शंका असेल त्याने खुशाल येऊन पानं उलटावीत. त्या टेबलामागे मी बसते. एकतीस वर्षं या शाळेची क्लार्क आहे. मुलं मला पाठीमागे हजेरीबाई म्हणतात. तोंडावर म्हणायची अजून कोणाची छाती झालेली नाही.

यंदा ते बक्षीस एकाच मुलीला होतं. दहावीतली, वर्गात सगळे तिला ‘घड्याळ’ म्हणायचे. वडील घरांना रंग देतात. आई शिवणकाम करायची. निम्म्या शाळेचे गणवेश तिनेच शिवलेले. कोणाच्या बाह्या वाढवून दे, कोणाची शिवण उसवून दे, वर्षभर चालूच असायचं. वर्षभर आजारीही होती, पण मशीन काही सुटलं नाही. तीन आठवड्यांपूर्वी ती गेली.

ती गेली तेव्हा तिची लेक शाळेत होती. माझ्यामुळे.

त्या दिवशी सकाळी हजेरी झाल्यावर पोरगी माझ्या खिडकीशी आली. "बाई, आईला बरं नाही. आता घरी गेले तर हजेरी जाईल का?"

मधल्या सुट्टीच्या आधी घरी गेलं की तो दिवस गैरहजर, हा नियम तिलाही पाठ होता. मी पगारपत्रकात डोकं घालून बसले होते. वर न बघताच म्हणाले, "जाईल म्हणजे काय, जाणारच. अगं, वर्ष संपायला चार दिवस राहिलेत. पाच वर्षांची मेहनत पाण्यात घालतेस की काय? आई काय पळून चाललीय? संध्याकाळी जाऊन बस तिच्याजवळ."

ती "बरं" म्हणाली आणि वर्गात गेली. मधली सुट्टी होऊन गेल्यावर, साडेअकराला त्यांच्या शेजारच्या काकू धावत शाळेत आल्या, तेव्हा सगळं संपलं होतं. पोरगी भूगोलाच्या तासाला नकाशात नद्या भरत होती. तिला वर्गातून बोलवायला मीच गेले. जीभ झडली असती माझी त्या सकाळी तर बरं झालं असतं.

हे मी कोणाला सांगितलं नाही. तिनेही सांगितलं नसावं. वर्षाचे उरलेले दिवसही ती न चुकता शाळेत आली. तीन आठवडे मला अन्न गोड लागलं नाही, आणि त्याचा राग मी दिसेल त्याच्यावर काढला. शिपायावर, माईकवाल्यावर, खुर्च्या वाकड्या लावणाऱ्या मुलांवर. मुख्याध्यापकांनाही सोडलं नाही. त्यांनी या पोरीवर दोन पानी भाषण लिहिलं होतं.

"सर, हे नका करू," मी म्हणाले. "पदक घरी नेऊन द्या. तिला स्टेजवर कशाला उभी करता?"

"बाई, अहो सगळ्या गावाला तिच्यासाठी काहीतरी करायचंय," ते म्हणाले. "लोकांनी टाळ्या तरी कुठे वाजवायच्या?"

त्यांचंही खोटं नव्हतं. समारंभाला इतकी माणसं आली की भिंतीला टेकून उभं राहायलाही जागा उरली नाही. गणिताचं बक्षीस झालं, धावण्याचं झालं, वक्तृत्वाचं झालं. मग सरांनी कागद उघडला. दुःखातही कर्तव्य न सोडणारी मुलगी वगैरे वाचत होते. त्यांनी तिला बोलावलं. सभागृह उभं राहिलं. समोर शे-दोनशे पोरं, अंगावर तिच्या आईच्या हातचे सदरे, आणि टाळ्यांचा नुसता कडकडाट.

वडील पुढे आले. इस्त्रीचा शर्ट, नखांत पांढरा रंग तसाच. ते स्टेजच्या पायऱ्या चढले आणि पदक हातात घेऊन उभे राहिले. पोरगी मात्र पायऱ्यांपाशी थांबली, वळली आणि सरळ माझ्या टेबलापाशी आली.

मला वाटलं, आता बोलणार. सगळ्यांसमोर माझं माप माझ्या पदरात घालणार. घालू दे, म्हटलं, हक्क आहे तिचा.

"बाई," ती म्हणाली, "त्या दिवशी माझा खाडा लावा."

टाळ्यांत दुसऱ्या कोणाला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. मी म्हणाले, "अगं, चूक माझी आहे. मी तुला अडवलं. मी जा म्हणाले असते तर..."

"तुम्ही नाही म्हणाल हे मला माहीत होतं. म्हणूनच विचारलं." ती हजेरीपटाकडे बघत होती. "आई सकाळी म्हणाली होती, आजच्या दिवस थांब. मी म्हटलं, बक्षीस जाईल. पण बक्षिसाचं नव्हतं, बाई. मला तिच्याजवळ बसायची भीती वाटत होती. ती कशीतरीच श्वास घेत होती."

तीन आठवडे मी माझंच रडगाणं कुरवाळत बसले होते, आणि ही सोळा वर्षांची पोर हे एवढं ओझं घेऊन एकटी फिरत होती.

मी दहावीचा हजेरीपट ओढला. पान काढलं. एकतीस वर्षांत मी एकदा लागलेल्या हजेरीला हात लावलेला नाही. शिक्षक हातापाया पडले तरी नाही. लाल पेन घेतलं आणि त्या दिवसाच्या चौकटीत हजेरीवर आडवी रेघ मारून वर गैरहजेरीची फुली केली. खाली सही केली.

टाळ्या विरत चालल्या होत्या. सर स्टेजवरून खाली आले. "काय झालं, बाई?"

"एक खाडा आहे, सर," मी म्हणाले. "हिला बक्षीस बसत नाही."

त्यांनी पानाकडे पाहिलं. शाई अजून ओली होती. मग पोरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हातातल्या कागदाची घडी घातली. वर जाऊन त्यांनी तिच्या वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना हळूहळू पायऱ्या उतरवून आणलं. पदक वडिलांच्या हातातच होतं. सभागृहाला काही कळेना. कोणी खाली बसेना.

पोरगी पानावर वाकली. फुलीच्या शेजारी बोट ठेवलं, शाई फिसकटू नये म्हणून जपून.

"म्हणजे मी त्या दिवशी घरी होते ना, बाई?"

"होतीस गं," मी म्हणाले. "आईजवळच होतीस."