पसंतीला ठेवलेली नक्षी

दिनानाथ डबा घेऊन निघाला तेव्हा अरुणा ओट्याशी चहा गाळत गुणगुणत होती. वाशीच्या त्या दीड खोलीच्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी गुणगुणत होतं, आणि त्याला कारणही तसंच होतं. तिने काढलेली साडीच्या काठाची नक्षी तुर्भ्याच्या एका व्यापाऱ्याने पसंतीला ठेवून घेतली होती.

ही पसंतीला ठेवण्याची रीत वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. चित्रकाराने कागद घेऊन जायचं. व्यापारी म्हणणार, ठेवून जा, भागीदाराला दाखवतो. चार दिवसांनी कागद परत, 'नाही चालणार बाई!' कागदावर सही करायची नाही, पोच मागायची नाही. मागितली तर बाई फार शहाणी ठरते आणि तिला पुन्हा कुणी दारात उभं करत नाही. कागद हातात परत आला म्हणजे आपलं काही गेलं नाही, असं सगळेच धरून चालतात. अरुणाही तसंच धरून चालली होती.

दिनानाथला मात्र आतली गोष्ट माहीत होती, कारण तीच त्याची नोकरी होती. महाप्याच्या 'सुरंग प्रिंट्स'मध्ये तो ट्रेसर होता. काचेच्या टेबलाखाली दिवा, काचेवर कुणाची तरी नक्षी, तिच्यावर पातळ कागद आणि त्याचा सरावलेला हात. त्याच्या रेघांवरून छपाईच्या जाळ्या बनत. मूळ कागद कुणाचा, हे त्याने इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. बायकोच्या उत्साहावर पाणी कशाला ओता, म्हणून घरीही तो कधी बोलला नाही. खरं तर त्याला लाज वाटत होती.

त्या दिवशी सुपरवायझर धर्मराजने टेबलावर कागद ठेवला आणि दिनानाथचा हात जागच्या जागी थांबला. तिवरांची उभी मुळं, आणि त्यांच्या मधून डोळे वटारून बघणाऱ्या निवट्या. खाडीच्या चिखलात उड्या मारणारा हा एवढासा मासा साडीच्या काठावर आणायची बुद्धी आणखी कुणाला होणार?

"हे कुठनं आलं?"

"तुर्भ्याच्या पार्टीनं पाठवलंय. दुपारपर्यंत पायजे, कागद परत द्यायचाय."

"धर्मराज, ही माझ्या बायकोची डिझाईन हाय रे."

धर्मराजने दार लोटून घेतलं. "हे बघ दिन्या, लफडं नको. रावसाहेबांना कळलं तर उद्या या टेबलावर दुसरा बसेल. आई हाय ना तुजी घरात? मग?"

रावसाहेब म्हणजे कारखान्याचे मालक. दिनानाथला त्यांचं तोंड आठवलं, आईचं औषध आठवलं. आणि त्याने ती नक्षी उतरवली. तिची एकही रेघ बिघडू नये म्हणून नेहमीपेक्षा जास्त जपून उतरवली! याला प्रेम म्हणायचं की भेकडपणा, हे सांगणाऱ्यालाही ठरवता येत नाही.

चार दिवसांनी कागद परत आला. "चिखल कोण नेसणार बाई?" व्यापारी म्हणाला होता. अरुणा हिरमुसली. "जाऊ दे, दुसरी काढ," दिनानाथ म्हणाला आणि मान खाली घालून जेवला.

दिवाळीत वाशीच्या बाजारात दुकानादुकानांत निवट्यांच्या काठाच्या साड्या झळकल्या. त्या बघून अरुणा घरी आली, पण रडली नाही. नवऱ्याला घेऊन थेट मधुकरराव वकिलांकडे गेली.

"नक्षीची नोंदणी करता येते," वकील म्हणाले. "कायदा जुनाच आहे. पण आधी नोंदणी, मग दाखवणं. तुम्ही उलटं केलंत."

"पण चोरली त्यांनी!"

"विश्वासाने दिलेला कागद दगा करून वापरला, एवढं सिद्ध झालं तर वाट आहे. पण सही नाही, पोच नाही. उद्या तेच म्हणतील, या बाईनेच आमच्या साडीवरून चित्र काढलं. तुमचा कागद समोर ठेवून ट्रेसिंग करणारा माणूस मिळाला तर सांगा. पण तो कशाला बोलेल?"

दिनानाथ खुर्चीत अवघडून बसला. घरी आल्यावर आईसमोरच त्याने सगळं सांगून टाकलं.

सुंदराबाईंनी कपाळाला हात लावला. "लेकरा, बायकूच्या रेघोट्यांपायी भाकरीवर लाथ मारतो व्हय? गप ऱ्हा. कुनाला कळनार हाय?"

अरुणा नवऱ्याकडे वळली. "त्या दिवशी घरी आलात," ती हळूच म्हणाली, "जेवलात. मीच वाढलं तुम्हाला."

एवढंच बोलून ती आत गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं दिनानाथला वाटलं. ज्या माणसाच्या भरवशावर ती घरात कागद पसरून बसायची, त्यानेच तिला वाऱ्यावर सोडलं होतं, आणि बाजारात आता तिलाच चोर म्हणायची सोय झाली होती.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला नाही. "चल," एवढंच तो अरुणाला म्हणाला. आई दारातून हाका मारत राहिली.

"ट्रेसिंग मी केलं, साहेब," तो वकिलांना म्हणाला. "लिहून घ्या. कोर्टात पण सांगेन."

"नोकरी जाईल."

"जाईल."

वकिलांनी जबाब लिहिला आणि कागद पुढे सरकवला. दिनानाथने पेन उचललं, तोच अरुणाने कागदावर हात ठेवला.

"थांबा. याच्या आधी ज्या उतरवल्या, त्या कुणाच्या होत्या?"

"काय माहीत? नावं नसायची त्यांवर."

"नावं नसतील. पण नक्ष्या तर आठवत असतील? त्यापण कुणीतरी घरचं काम आटपून काढल्या असतील. त्यापण सांगा."

दिनानाथने पेन खाली ठेवलं. त्याला सगळ्या आठवत होत्या. तो सांगू लागला.