पहिली धाव कुठल्या बाजूला

त्या सुजलेल्या गुडघ्यात आपला फायदा किती, हे आत्याने सुईत दोरा ओवता ओवता मोजून घेतलं. गुडघा टिकला, तर भिंगरी कायमची तिची मिंधी. नाही टिकला, तर भिंगरीच्या जागी आत्याची भाची पुढे. दोन्हीकडून जमाच होती, नावे टाकायला काही सापडेना. असा सौदा आत्याच्या पन्नास वर्षांच्या आयुष्यात कधी चालून आला नव्हता.

गुडघा भिंगरीचा होता. संगीतिकेत ती मुख्य नाच करायची. एका पायावर अशी गरगरायची, की हे नाव तिला कोणी दिलं ते कोणालाच आठवत नव्हतं आणि तिचं खरं नाव विचारायचं कोणाला सुचत नव्हतं. आत्या तिथे कपडेपट सांभाळायची. भाची नाचणाऱ्यांच्या घोळक्यात आली आणि तिच्या तोंडची 'आत्या' सगळ्यांनी उचलली, नाच बसवणाऱ्या मास्तरांनीसुद्धा.

मंडळीत एक दंडक होता. कोणाला काही लागलेलं पहिल्यांदा ज्याच्या नजरेला पडेल, त्याने ते मास्तरांच्या कानावर घालायचं. बहुतेक वेळा ती नजर आत्याची असे. नाचणारी पोरं दुखणं आईपासून लपवतील, कपडेपटापासून कसं लपवणार? आत्याने आजवर तीनचार घोटे आणि एक बरगडी मास्तरांना कळवली होती. त्यावरून पोरं तिला मागे 'बातमीदार' म्हणायची, हेही तिला ठाऊक होतं.

"आत्या, सांगू नका हं," भिंगरी म्हणाली. "थोडेच प्रयोग राहिलेत. मी बर्फ लावते ना."

"मी कशाला सांगू बाई? माझं तोंड शिवलं समज."

भिंगरीने तिच्या गळ्यात हात टाकले. आत्याला क्षणभर खरंच वाटलं, की आपण माया करतोय.

भाचीला पुढे आणायची आत्याला घाई होती, ती दादामुळे. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, भाचीचा बाप. त्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि लेकीने काउंटरवर बसावं एवढीच त्याची इच्छा होती. नाचाचा वर्ग आत्याच्या घराजवळ म्हणून चार वर्षांपूर्वी मुलगी आत्याकडे राहायला आली. तेव्हापासून आत्याच्या घरात दोन ताटं मांडली जात आणि भिंतीला टाचा लावून कोणीतरी पाय ताणत बसलेलं असे. दादाने पहिला प्रयोग पाहिला आणि बाहेर येऊन चष्मा पुसत म्हणाला, "एवढ्या घोळक्यात माझी मुलगी कुठली, ते काही मला ओळखू आलं नाही. चष्म्याचा धंदा माझा, आणि ही गत."

"पुढे यायला वेळ लागतो, दादा."

"शेवटच्या प्रयोगाला पुन्हा येतो. पुढे दिसली तर राहू दे तुझ्याकडे. नाही दिसली तर त्याच रात्री सामान गाडीत."

सामानाबरोबर काय काय जाणार, ते आत्याला सांगावं लागलं नाही.

आता भिंगरीची बदली म्हणून मास्तरांनी नाव भाचीचंच लावलं होतं, पण ते नावापुरतं. "मास्तर, माझी तालीम?" म्हटलं की ते म्हणत, "घेऊ गं उद्या." तो उद्या काही उगवला नाही. उत्तरार्धातला भिंगरीचा दुहेरी नाच चालू असताना भाची आत कपडे बदलत असायची, त्यामुळे तो तिने धड पाहिलाही नव्हता. पाहिला होता आत्याने. तालमीच्या वेळी उजेड चांगला म्हणून ती पहिल्या रांगेत शिवत बसे, आणि तो नाच तिला टाक्याटाक्याने पाठ झाला होता. गुडघा पाहिला त्या दिवसापासून तिने घरातलं टेबल भिंतीला सरकवलं आणि भाचीला शिकवायला घेतलं.

"काळोख असतो. दिवा लागला की पहिली धाव उजवीकडे. डोळे मिटून पाच पावलं, आणि उडी. उंच्या झेलतो."

उंच्या म्हणजे भिंगरीचा जोडीदार, ताडमाड वाढलेला आणि हातांचा पक्का.

"डोळे मिटून?"

"मिटूनच. भिंगरी मिटते. तीच तर गंमत आहे."

भाची गुणी होती. तिने आत्याच्या शेजारी उभं राहून शंभरदा ती धाव घेतली, आणि दर वेळी सोफ्यावर जाऊन पडली.

शेवटच्या प्रयोगाला दादा आला. पूर्वार्धात आत्याला मागे काम नसे, म्हणून ती त्याच्या शेजारी येऊन टेकली. पडदा वर गेला आणि सोळा पोरांचे पाय एकदम जमिनीवर आले, एकाच माणसाचे असावेत तसे. काय नाचत होती ती पोरं! खांदे ढिले, माना ताठ, आणि घाम दिव्यात चमकत असूनही चेहऱ्यावर कष्टाचा मागमूस नाही. मग घोळका दुभंगला आणि मधून भिंगरी आली. ती हवेत गेली की बघणाऱ्याला वाटायचं, खाली येणं हे तिच्या मर्जीवर आहे.

दादा पुढे सरकला. "ही कोणाची गं?"

"आहे कोणाची तरी."

"हिला कोणी दुकानात नाही बसवणार," दादा म्हणाला. आत्याला ते लागलं. पण तिचं लक्ष गुडघ्याकडे होतं. शेवटच्या गिरकीत तो एकदा आत वळला. भिंगरीने उरलेला नाच एका पायावर निभावला. ती हसत होती. टाळ्या पडत राहिल्या, पडदा खाली आला, आणि पडद्यामागे काहीतरी आपटल्याचा आवाज आत्याने ओळखला. ती उठली. इतक्या चटकन उठली, की दादाने विचारलं, "काय झालं?"

मागे भिंगरी जमिनीवर होती आणि मास्तर ओरडत होते, "हे आजचं नाही! कोणाला माहीत होतं?"

भिंगरीने आत्याकडे पाहिलं. ओठ पांढरे पडले होते. "कोणालाच नाही, मास्तर. मी लपवलं."

मास्तर भाचीकडे वळले. "येतं तुला?"

भाची काही बोलायच्या आत आत्या म्हणाली, "सगळं येतं. मी घरी बसवून घेतलंय."

"एकदा इथेच उंच्याबरोबर चालून दाखव. नुसती पावलं."

"मास्तर, भिंगरीचा झगा हिला दोन बोटं सैल होतोय. पिना लावायच्यात. उभी राहू दे हो!"

मास्तरांनी घड्याळ पाहिलं आणि सोडून दिलं. आत्याने तोंडात पिना धरल्या. भाचीने मान वळवून विचारलं, "आत्या, उजवीकडेच ना?"

आत्याने पिनांमधूनच हुंकार भरला.

काळोख झाला. आत्या दाराशी उभी राहिली, दादाच्या रांगेच्या टोकाला. दिवा लागला आणि भाची मिटल्या डोळ्यांनी धावली. पाच पावलं, हलकी, नेमकी. त्या पाच पावलांत भिंगरीपेक्षा कमी काही नव्हतं, हे आत्या पुढे कोणालाही शपथेवर सांगू शकली असती. भाचीने उडी घेतली. उंच्या रंगमंचाच्या दुसऱ्या टोकाला हात पसरून उभा होता.

आत्या खुर्चीत बसून शिकली होती. खुर्चीतल्या माणसाचा उजवा हात असतो, ती समोर उभ्या नाचणाऱ्या मुलीची डावी बाजू. समोरच्याच्या बाहीचं माप घेताना आत्याची डावी-उजवी कधी चुकली नव्हती. नाचाला मात्र बाह्या नव्हत्या.

भाची गुडघ्यांवर आणि तळव्यांवर पडली. कोणीतरी एकच माणूस हसला. पिना सुटून झगा खांद्यावरून उतरला, तो तिने एका हाताने धरला. बाकीचा नाच तिने केला, पण दर वळणाला ती आधी उंच्याकडे बघायची आणि मग वळायची. कपडे बदलून आलेली घोळक्यातली पोरं तिच्याभोवती इतकी सुंदर नाचत होती, की तिचं थांबणं आणखीच उघडं पडत होतं.

प्रयोगानंतर दादा मागे आला. "पुढे दिसली," तो म्हणाला. "या खेपेला ओळखली." आवाजात राग नव्हता, आणि आत्याला राग चालला असता.

"माझी बाजू चुकली," भाची मास्तरांना सांगत होती. "घाबरले." तिने आत्याचं नाव घेतलं नाही. आत्यानेही घेतलं नाही. एका संध्याकाळी दोन पोरींनी तिला पाठीशी घातलं होतं, आणि ती दोघींच्या मधोमध उभी राहून झग्याची घडी घालत होती.

त्याच रात्री सामान गाडीत गेलं.

भिंगरीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. आता ती चालते, जिनाही चढते, फक्त उतरताना कठडा धरते. मंडळीला नवी भिंगरी मिळाली, आणि जुना झगा तिच्या मापाने आत्यानेच आवळून दिला. मास्तरांनी नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगितलं, "काही दुखलं तर आत्यांना दाखवा. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही."

पुढे आत्याला सुईचं नाक दिसेना झालं, तेव्हा ती दादाच्या दुकानात गेली. दादा जेवायला गेला होता. काउंटरमागे भाची होती, केस घट्ट बांधलेले, पाठ अजून तशीच ताठ. तिने आत्याला खुर्चीत बसवलं, समोर उभी राहिली आणि म्हणाली, "उजवा डोळा झाक."

आत्याने गडबडीत डावा झाकला.

"तुझा उजवा, आत्या," भाची हळूच म्हणाली, आणि तिचा हात धरून योग्य डोळ्यावर ठेवला.

चष्मा झाला. आत्याने पर्स उघडली.

"राहू दे," भाची म्हणाली.

"अगं, असं कसं? घे की."

"राहू दे, आत्या. तुझ्याकडून काय घ्यायचं?"

चढवलेल्या नव्या चष्म्यातून आत्याला भाचीचा चेहरा अगदी स्वच्छ दिसत होता. पर्स बराच वेळ उघडीच होती. एकीने गुडघा दिला होता, दुसरीने नाच. आत्याकडून मात्र कोणी काही घ्यायलाच तयार नव्हतं.