बाउंड्रीचं शिक्षण

“आमची नमी बाउंड्रीचंच शिकते, साहेब,” बाबा म्हणाले, आणि मोजणीवाले साहेब मशीनवरून डोकं उचलून माझ्याकडे बघायला लागले.

मी कल्याणला गणितात एम. एस्सी. करते. परवा घरी ‘बाउंड्री व्हॅल्यू प्रॉब्लेम’ हा धडा मोठ्यानं वाचत होते. बाबांनी तेवढंच ऐकलं आणि आमच्या डोळखांब गावभर सांगत सुटले. आता काय बोलू? माझ्या समीकरणात दोन टोकांना काय आहे ते दिलेलं असतं, त्यावरून मधलं शोधायचं असतं. त्यात भाताचं खाचर नसतं, की भावाचं खाचर गिळणारा वाळूकाका नसतो.

आजोबांनी जमीन दोन मुलांना तोंडीच वाटून दिली. हद्द म्हणून वर एक दगड, खाली एक दगड, मधे बांध. यंदा भात कापल्यावर काकानं वरचा दगड उपटला, बांध आमच्यात सरकवला आणि बळकावलेल्या पट्ट्यात वाल पेरून मोकळा झाला.

“वरची खूण कुठंय?” साहेबांनी विचारलं.

“नव्हतीच,” काका म्हणाला. “हा बांध बापाच्या टायमाचा हाय.”

“खोटं नको बोलू, वाळू!” बाबा ओरडले.

“मग तुझ्या पोरीला इचार ना. ती बाउंड्रीची मास्तरीण!”

सगळे हसले. साहेबसुद्धा. माझ्या अंगाची लाही लाही झाली. एकच टोक दिलं तर उत्तरं कितीही निघतात, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत. साहेब मात्र काकाचंच उत्तर घेणार होते, कारण त्याचा बांध समोर दिसत होता.

मी सरळ वाल तुडवत वर गेले.

“इथं होता दगड. आई भाकरी घेऊन यायची, तेव्हा मला त्यावरच बसवायची.”

“ए, माझा वाल!” काका धावला.

“जमीन माझ्या बापाची आहे!”

“पुरावा काय, ताई?” साहेबांनी विचारलं.

“मी उभी आहे ना!”

“असं नाय चालत. बाजूला व्हा. दिसतो तो बांध मी धरणार.”

त्यांचा माणूस मोजणीची काठी घेऊन काकाच्या बांधावर उभा राहिलाही. मशीननं आकडा घेतला. बाबा उतरले आणि खालच्या दगडावर जाऊन उभे राहिले. माझ्या टोकावरून एवढेसे दिसत होते.

“हलू नको गो, नमे!” ते खालून ओरडले.