पडद्यावरची यमुना

सोलापुरात तेव्हा सिनेमे मुके होते. पडद्यावर येणाऱ्या पाट्या मोठ्यानं वाचून दाखवायला थेटरात माणूस लागे. वेणीमाधव मास्तर दिवसा शाळेत भूगोल शिकवत आणि संध्याकाळच्या खेळाला पाट्या वाचत. वाचता वाचता ते पदरचंही घालत, आणि गिरणीतले कामगार, विणकर सिनेमापेक्षा त्यासाठीच येत.

त्या आठवड्यात एका शूर राजकन्येचा सिनेमा लागला होता. ती राजपुतान्यातल्या किल्ल्यावरून उडी मारी, यमुना पोहून जाई आणि पलीकडे थेट हिमालयात निघे. बुरूज दिसला की मास्तर म्हणत, "राजपुताना म्हणे! मंडळी, काल याच बुरुजाखाली भजी कुणी खाल्ली?"

"आपला किल्ला!" थेटर ओरडे.

"इथून उडी मारली तर माणूस सिद्धेश्वराच्या तळ्यात पडायचा. बाई पडली दहा कोसांवर, भीमेत! आणि पाटी म्हणते यमुना." पुढे पोहण्याचा भाग आला की ते म्हणत, "हीसुद्धा लबाडीच. एवढ्या पुरात बाईमाणूस? कमरेला दोरी असणार, नाहीतर लुगडं नेसवलेला पहिलवान."

मंद्रूपचा धुळाप्पा धनगर लोकर विकायला शहरात आला होता. त्यानं हे ऐकलं आणि तोंड आवळून घरी गेला.

"दोरी म्हनला?" त्याच्या बायकोनं, मायाक्कानं विचारलं.

"व्हय. न्हाईतर पहिलवान."

मायाक्कानं हातातली भाकरी तव्यावर टाकली. "उद्या जाऊ."

गेल्या पावसाळ्यात सिनेमावाले भीमेकाठी उतरले होते. राजकन्येच्या जागी पोहायला त्यांनी आणलेला पहिलवान पूर बघून मागं सरला. "या पाण्यात आता कुणी उतरायचं नाही," त्यांचा मुख्य माणूस म्हणाला. मायाक्का तिथंच मेंढरं चारत होती. कळपामागं ती दरसाल नदी पोहून जायची. "मी जाते की," ती म्हणाली. तिला राजकन्येचे कपडे घातले, आणि ती पलीकडे गेली. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं. सिनेमाही तिनं कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती बायकांच्या बाकावर, पार्वतम्मा नावाच्या एका तेलुगू विणकरणीशेजारी बसली. बुरुजावरच्या उडीला तीच सगळ्यांत मोठ्यानं हसली. "गवताची बाई हाय ती!"

मग पाणी आलं. स्वतःला असं पाठमोरं तिनं कधी बघितलं नव्हतं. तिचं हसू थांबलं. केवढं पाणी होतं ते!

"कमरेला दोरी बघा," मास्तर म्हणाले.

मायाक्का उभी राहिली. "दोरी न्हवती, मास्तर. ती मी हाय, मंद्रूपची मायाक्का."

थेटर हसलं. मास्तर हसले नाहीत. "कशावरून, बाई?"

पडद्यावर राजकन्येनं मधल्या धारेतून मान वळवली होती. ओले केस डोळ्यांवर आलेले, तोंड उघडं. लगेच पाटी आली आणि मास्तरांनी सवयीनं वाचली, "हे यमुनामाते, माझ्या प्राणनाथाला वाचव!"

"असलं काय मी बोलले न्हाई," मायाक्का म्हणाली. "काठावर मेंढरं बुजली हुती अन् आमचे ह्ये नुसते माज्याकडं बघत हुबे. मी वरडले, 'अवो, मेंढरं आवरा की!'"

मास्तरांनी ऑपरेटरला हाक मारली. "रीळ मागं घ्या."

त्याला वेळ लागला, पण कुणी जागचं हललं नाही. पुन्हा पाणी आलं, पुन्हा ती मान वळली. या वेळी मास्तर गप्प होते आणि सगळं थेटर त्या तोंडाकडे बघत होतं. ओठ मिटले, उघडले, शेवटी 'की'ला फाकले.

"मेंढरं!" पुढच्या बाकावरून कुणीतरी किंचाळलं. "मेंढरंच म्हणतीय!"

पुरुषांच्या बाजूला धुळाप्पा कधी उठून उभा राहिला, त्याचं त्यालाच कळलं नाही. "आवरली का रं मेंढरं?" कुणीतरी विचारलं.

"आवरली की!" तो म्हणाला, आणि थेटर टाळ्यांनी दणाणलं.

लोकांनी तो भाग आणखी एकदा मागितला. मास्तरांनी आधी बायकांच्या बाकांकडे वळून हात जोडले. मग आवाज चढवून ते म्हणाले, "किल्ला सोलापूरचा. उडी गवताच्या बाईची. यमुना खोटी, हिमालयात तर बाभळी उगवल्यात! पण आता नीट बसा, मंडळी. हे पोहणं खरं आहे. नदी भीमा. पोहणारी मायाक्का, मंद्रूपची."

बाहेर पडताना पार्वतम्मानं तिचं मनगट धरलं. "भीती वाटलं नाही तुला?"

"पान्याची कसली भीती? आपलंच हाय की ते."

मंद्रूपच्या वाटेवर जो भेटेल त्याला धुळाप्पा थांबवून सगळं पहिल्यापासून सांगत होता. मायाक्का शेजारी उभी राहून ऐकत होती. पुराचं पाणी दर वेळी थोडं वाढत होतं, आणि ती त्याला अडवत नव्हती.